ते हे कळणारं यंत्र

आमच्या आईच्या बोलण्यात नामं फारशी नसत. सगळा संसार तिने सर्वनामांवर केला. "अहो, त्या ह्याच्यामागे ते हे ठेवलंय ना, ते जरा ह्यांच्याकडे देऊन या," अशी स्वयंपाकघरातून हाक आली की बाबा पेपरची घडी घालून उठत, फडताळामागची मोठी परात काढत आणि शेजारच्या काकूंना नेऊन देत. परात हा शब्द कोणी उच्चारलेला नसे. काकूंचं नाव निघालेलं नसे. बाबांना स्वतःला तरी कुठे नाव होतं? ते नुसते ‘अहो’. चाळीस वर्षांत या व्यवहारात चूक झाली ती एकदाच. तिच्याकडे येतो.

बाबांच्या या विद्येला इंग्रजीत नाव आहे आणि ती कोणीतरी एका यंत्राला शिकवली होती, हे मला प्रोग्रॅमिंगमध्ये पंचवीस वर्षं काढल्यावर कळलं. नाव ‘ड्विम’. ‘डू व्हॉट आय मीन’ची आद्याक्षरं. म्हणजे, मी काय लिहिलंय ते सोड, मला काय म्हणायचंय ते कर. साठच्या दशकात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावच्या बीबीएन नावाच्या कंपनीत वॉरन टाइटलमन या गृहस्थांनी ते लिहायला घेतलं. तिथल्या लिस्प भाषेच्या आवृत्तीचं नाव बीबीएन-लिस्प. पुढे टाइटलमन आणि त्यांचे सहकारी डॅनियल बोब्रो कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात गेले आणि बीबीएन-लिस्पची इंटरलिस्प झाली. लग्नानंतर नाव बदलतं तसं.

मी ती अलीकडे माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. ऑफिसात आम्ही ज्या भाषा वापरतो त्या सरकारी खिडकीसारख्या असतात. एक अर्धविराम राहिला की अर्ज परत. चूक कुठे आहे हेही नीट सांगत नाहीत. सतराव्या ओळीत काहीतरी बिनसलंय म्हणतात आणि बिनसलेलं असतं नवव्या ओळीत. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या या बाईंनी माझी चूक स्वतःहून दुरुस्त करून पुढचं काम सुरू केलं, तेव्हा मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

पण आधी तिचं सासर-माहेर सांगायला हवं, कारण तिथली भाषा ऐकल्याशिवाय ती मंडळी कळत नाहीत.

लिस्पची सुरुवात जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत केली. या भाषेत सगळं काही यादी. हिशेब यादी, वाक्य यादी, प्रोग्रॅमसुद्धा यादी. यादी म्हणजे डब्यांची माळ; प्रत्येक डब्याला दोन कप्पे, एकात वस्तू आणि दुसऱ्यात पुढच्या डब्याचा पत्ता. आता पहिल्या कप्प्याला ‘पहिला’ आणि दुसऱ्याला ‘बाकीचे’ म्हणायला कोणाची हरकत होती? पण हे पहिल्यांदा चाललं ते आयबीएम ७०४ या निर्वात नळ्यांच्या अजस्र यंत्रावर. त्याच्या ३६ बिटांच्या शब्दाचे चार भाग असत आणि त्यांतल्या दोघांची नावं होती ‘अ‍ॅड्रेस’ आणि ‘डिक्रिमेंट’. म्हणून पहिला कप्पा झाला ‘कार’ आणि दुसरा ‘कुडर’. कार म्हणजे ‘नोंदीच्या पत्त्याच्या भागातील मजकूर’. वाचताना तलाठ्याच्या सहीची जागा शोधावीशी वाटते.

पुढे यंत्र भंगारात गेलं, डिक्रिमेंट नावाचा भाग कोणाच्या स्मरणात उरला नाही, ‘फर्स्ट’ आणि ‘रेस्ट’ अशी शहाणी नावं सुचवून झाली, तरी लोक कार-कुडरच म्हणत राहिले. यात हसण्यासारखं काही नाही. लिस्पच्या आदल्याच वर्षी, १९५७ साली, आपल्याकडे दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून उठला. पण अजूनही एखादी गोष्ट आपल्याला शंभर नवे पैसे खरी वाटत नाही, सोळा आणेच खरी वाटते.

शिवाय कार-कुडरची एक सोय होती. ती एकमेकांत जोडता येत. कुडरचा कार म्हणजे कॅडर: पंगतीतला पहिला पाहुणा वगळून जे उरले त्यांतला पहिला. थोडक्यात दुसरा. आणखी एक डी घातला की तिसरा. हे उच्चार करताना पानाचा तोबरा भरल्यासारखं वाटतं, पण आपण ‘मावसबहिणीच्या नणंदेचा दीर’ एका दमात सांगतोच की. एमआयटीत पुढे लिस्पसाठीच म्हणून यंत्रं बांधली. त्यांतल्या पहिल्याचं नाव कॉन्स आणि दुसऱ्याचं कॅडर. कारण कॅडर म्हणजे दुसरा. एक कोटी जमवण्यासाठी या लोकांनी अख्खं यंत्र बांधलं, असा माझा संशय आहे. त्या यंत्रांतून दोन कंपन्या निघाल्या, त्यांचं आपसात हाडवैर झालं आणि त्यांतल्या सिम्बॉलिक्सने १५ मार्च १९८५ ला जगातलं पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं. ती भाऊबंदकी मोठी आहे, आत्ता नको.

‘निल’ हा आणखी एक शब्द. निल म्हणजे रिकामी यादी. निल म्हणजे ‘नाही’. बरं, निलचा कार काढला तर निल, आणि कुडर काढला तरी निलच. ज्यांनी सरकारी नोकरीत दर महिन्याला ‘माहिती निरंक’ असा अहवाल पाठवला आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. निरंकाची कितीही खोल चौकशी केली तरी निरंकच निघतो.

आणि कचरा. वापरून झालेले डबे यंत्राच्या स्मृतीत पडून राहतात. ते आपोआप गोळा करून पुन्हा वापरात आणायची युक्ती मॅकार्थींचीच. नाव साधं, ‘गार्बेज कलेक्टर’. त्याच्या पदार्पणाचा किस्सा मॅकार्थींनीच लिहून ठेवलाय. एमआयटीत उद्योगजगतातल्या बड्या पाहुण्यांसाठी लिस्पचं प्रात्यक्षिक चाललं होतं. पाहुणे सभागृहात, यंत्र दुसरीकडे, मधे क्लोज्ड सर्किट टीव्ही. पडद्यावर एक विजेचं टंकयंत्र, सेकंदाला दहा अक्षरं. सगळं रखडत पण बरं चाललेलं असताना स्मृती भरली आणि टंकयंत्राने मूळ विषय सोडून जाहीर केलं की, कचरा गोळा करणाऱ्यास बोलावण्यात आले असून त्याबाबतची काही मनोरंजक आकडेवारी खालीलप्रमाणे आहे. आणि आकडेवारी सुरू. एरवी ती वेगवान छपाईयंत्रावर पानभर निघायची म्हणून कोणाला तिचा जाच नव्हता. इथे सेकंदाला दहा अक्षरं. पाहुण्यांना कचऱ्याबद्दल कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. उरलेला सगळा वेळ ही आकडेवारी खाणार हे स्पष्ट दिसत होतं आणि व्याख्याता व मॅकार्थी दोघांनाही हसू आवरेना. ऐन साखरपुड्यात दाराशी घंटागाडी यावी आणि तिने ओला-सुका वेगळा केलात का, हे भोंग्यावरून विचारत थांबावं, तसं.

तर अशा घरात इंटरलिस्प वाढली. आता ड्विम जवळून बघू.

त्या काळी कामाला टेलिटाइप असे. त्याच्यावर डावा कंस आठच्या बटणावर आणि उजवा कंस नऊच्या. शिफ्ट दाबून. लिस्पमध्ये तर उठता-बसता कंस. एवढे की लिस्प या नावाची फोड ‘भरमसाट बिनकामाचे वैतागवाणे कंस’ अशी करणारे टवाळ तेव्हाही होते. साहजिकच करंगळी शिफ्टवरून निसटे आणि कंसाऐवजी कागदावर आठ किंवा नऊ उमटे. दुसऱ्या कुठल्याही भाषेने म्हटलं असतं, ‘हा आठ कसला?’ ड्विम म्हणे, अच्छा, शिफ्ट निसटली वाटतं.

इंटरलिस्पच्या पुस्तिकेत याचा एक नमुना दिलाय तो मला फार आवडतो. एक माणूस फॅक्टोरियल काढायचा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहितो. गुणाकाराच्या ‘टाइम्स’मधला ई खातो. ‘फॅक्ट’मध्ये एक सी जास्तीचा घालतो. एके ठिकाणी उजव्या कंसाच्या जागी नऊ, दुसरीकडे डाव्याच्या जागी आठ. चार ओळींत इतकं करायला प्रतिभा लागते. मग तो शांतपणे म्हणतो, चालव. आणि ड्विम एकेक चूक उचलत जातं: हे टाइम्स ना? हे फॅक्ट ना? शेवटी उत्तर बरोबर येतं आणि प्रोग्रॅमही दुरुस्त होऊन बसतो. ओरडा नाही, लाल अक्षरं नाहीत.

हे त्याला जमायचं कसं? मी खोलात गेलो तेव्हा लक्षात आलं, की बाबांना जमायचं तसंच. ड्विमकडे शब्दांच्या याद्या असत आणि नुकताच वापरलेला शब्द यादीत वर सरके. कोडं पडलं की ते आधी वरचे शब्द ताडून बघे. एखादं अक्षर चुकून दोनदा पडलं, दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तर त्याला फारशी मोठी चूक मानत नसे. बाबाही हेच करत. सकाळपासून पापड चालले असतील तर ‘ते हे’ म्हणजे लाटणं. दिवाळी चार दिवसांवर असेल तर सोऱ्या. गणपतीत समई. त्यांच्या यादीत कोणता शब्द सध्या वर आहे एवढाच प्रश्न असे.

ड्विमचे स्वभाव दोन होते आणि कोणता हवा ते तुम्ही निवडायचं. एक ‘सावध’: प्रत्येक दुरुस्तीआधी विचारणार, थोडा वेळ उत्तराची वाट बघणार. दुसरा ‘विश्वासू’: तुम्हाला काय म्हणायचंय हे मला ठाऊक आहे, मधे बोलू नका. बाबा या दुसऱ्या पंथाचे.

कंसांची दुखणी इंटरलिस्पने आणखी एका उपायाने मिटवली होती आणि तो उपाय पाहून मला आईची फार आठवण आली. चौकोनी कंस. लिहिताना तुमचे सात गोल कंस उघडे राहिले असतील, किती ते मोजायचा कंटाळा आला असेल, तर शेवटी एकच चौकोनी कंस मारायचा. सगळे उघडे कंस एकदम बंद. आई गोष्ट सांगायला लागली की कुमुदमावशीच्या लग्नात शिरे, तिथून त्या लग्नातल्या आचाऱ्यात, आचाऱ्यावरून कोल्हापूरच्या वाड्यात, वाड्याच्या कज्जात. सहा गोष्टी उघड्या, एकही पुरी नाही. मग कुकरची शिट्टी झाली की ती म्हणे, "जाऊ दे, बघा बाई काय ते." झालं. सगळं एकदम मिटलं. तो तिचा चौकोनी कंस.

या मंडळींची आणखी एक खोड सांगतो. नेहमीच्या गणितासारखं, म्हणजे अधिकचं चिन्ह दोन आकड्यांच्या मधे घालून लिहिलं तर ते लिस्पच्या दृष्टीने सरळ अशुद्ध. इंटरलिस्पमध्ये ते चालायचं. मला वाटलं व्याकरण वाढवलं असेल. छे! व्याकरणात ते अशुद्धच होतं. लिस्प नेहमीप्रमाणे अडखळे, ड्विमला हाक मारी आणि ड्विम ते शुद्ध करून देई. म्हणजे भाषेची एक अख्खी बोली चुकांवर उभी होती. तिला ‘क्लिस्प’ असं नाव देऊन पुस्तिकेत प्रकरणही दिलं होतं. पुण्यात हे कोणी खपवून घेतलं नसतं.

‘अ‍ॅडव्हाइज’ नावाची आज्ञा आहे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम न उघडता, त्याला हात न लावता, त्याला बाहेरून सल्ला देता येतो: सुरू होण्याआधी हे कर, झाल्यावर ते कर. न विचारता दिलेला सल्ला ऐकणारं दुसरं कोणी माझ्या पाहण्यात नाही. ‘मास्टरस्कोप’ नावाच्या चौकस बाई आहेत. कोण कोणाला बोलावतं, असं साध्या इंग्रजीत विचारलं की त्या कोणाची कोणाकडे ये-जा आहे त्याची खडान्‌खडा माहिती देतात. आणि ‘अनबाउंड अ‍ॅटम’ ही इंटरलिस्पची नेहमीची तक्रार. म्हणजे तुम्ही नाव घेतलंत, पण त्या नावामागे काहीच नाही. ‘ते हे’ म्हटलं आणि बाबांनाही कळलं नाही, असा दुर्मीळ प्रसंग.

आता ती चूक.

ड्विमबद्दल प्रोग्रॅमर लोकांत एक किस्सा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. टाइटलमननी आपलं ड्विम फायली हाताळणाऱ्या आज्ञांनाही जोडून दिलं होतं. त्या यंत्रणेत फाइलची जुनी प्रत ठेवताना नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लागे. एकाने जागा मोकळी करायला आज्ञा दिली: शेवटी डॉलर असलेल्या सगळ्या फायली पुसून टाक. नेमक्या तिथे तशा फायलीच नव्हत्या. ड्विमने विचार केला, असं कसं होईल, यांना काहीतरी पुसायचं तर आहे. डॉलर चुकून पडला असणार. म्हणजे यांना म्हणायचंय ‘सगळ्या फायली पुसून टाक’. तसं कळवून त्याने पुसायला सुरुवातही केली. त्या माणसाने धडपडून यंत्र थांबवलं तोवर पाच-सहा फायली गेल्या होत्या. नंतर तो म्हणे, टाइटलमनच्या खोलीत जावं, त्याला त्याच्याच खुर्चीला बांधावं आणि त्याच्या यंत्रावर तीच आज्ञा दोनदा द्यावी असं मनात आलं होतं. ड्विमची आणखी एक फोड मग प्रचारात आली. ती वॉरन यांच्या यंत्राला शिव्या घालणारी आहे.

आमच्याकडचं असं. आईला एक मोठा डबा हवा होता. तिने आतून सांगितलं, "अहो, त्या डब्यातलं ते सगळं काढून ठेवा." त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली आणि शेवटचा शब्द वाफेत गेला. बाबांना ऐकू आलं ‘काढून’ एवढंच. बाहेर घंटागाडी वाजत होती. सावध स्वभावाच्या माणसाने आत जाऊन विचारलं असतं. बाबांच्या यादीत त्या क्षणी सर्वांत वर होती घंटागाडी. त्यांनी ठेवाच्या जागी टाका धरलं आणि आदल्याच दिवशी दळून आणलेली दोन किलो थालीपिठाची भाजणी महापालिकेला अर्पण केली. रिकामा डबा पुसून आईच्या हातात दिला, वर म्हणाले, "हं, झालं." पुढच्या दहा मिनिटांत आईने जी वाक्यं उच्चारली त्यांत नामं भरपूर होती.

बाबांकडे नव्हती ती एक सोय इंटरलिस्पकडे होती. तिच्यात तुम्ही दिलेल्या प्रत्येक आज्ञेची क्रमांकासह नोंद राहते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच तिच्यात ‘अनडू’ म्हटलं की केलेलं मागे घेता यायचं. ही सोय देणाऱ्या अगदी पहिल्या काही यंत्रणांत ती धरतात. मागे घेतलेलंही पुन्हा मागे घेता येई. ‘फरगेट’ अशीही आज्ञा आहे. त्या नोंदीच विसरून जा, म्हणजे मग माघार नाही. आईला ही दुसरी आज्ञा कधी लागू पडली नाही. भाजणीचा विषय शेवटपर्यंत दर घंटागाडीला निघत राहिला.

पुढे इंटरलिस्प झेरॉक्सच्या स्वतःच्या यंत्रांवर चालू लागली: डॉल्फिन, डोराडो, डँडेलायन, डँडेटायगर, डेब्रेक. सगळी ‘ड’ची बाराखडी, म्हणून ती इंटरलिस्प-डी. डोराडो सगळ्यांत वेगवान, पण पंख्यांचा आवाज एवढा की तिला वेगळ्या खोलीत ठेवून वायर लांबवावी लागे. खिडक्या, माउस, मजकुराशेजारी चित्रं, हे सगळं तिथे होतं. मग १९८७ च्या सुमारास लिस्पसाठी बांधलेल्या महागड्या यंत्रांचा बाजार कोसळला. साधी यंत्रं स्वस्तात तेच काम करू लागली होती. एसीएम या संघटनेने १९९२ साली इंटरलिस्पसाठी बोब्रो, टाइटलमन, मॅसिन्टर, डॉइच, बर्टन आणि कॅप्लन या सहा जणांना पुरस्कार दिला. नाटक उतरल्यावर नाट्यदर्पण मिळावा, तसा.

फायली गेल्या काय किंवा भाजणी गेली काय, माझं मत विचाराल तर चूक त्या विश्वासू स्वभावाची नव्हती. खवचट लोक म्हणत की ड्विमला फक्त वॉरनच्याच चुका कळतात. कळणारच. बाबांना तरी आईखेरीज दुसऱ्या कोणाचं ‘ते हे’ कुठे कळत होतं? माझ्या आत्याने ‘ते हे द्या’ म्हटलं की ते सरळ विचारत, "काय?"

इंटरलिस्पची मेडली नावाची शेवटची आवृत्ती काही जुन्या जाणत्यांनी २०२० पासून पुन्हा उभी केली आहे. ती फुकट आहे, आजच्या साध्या लॅपटॉपवर चालते आणि एके काळच्या डोराडोपेक्षा कितीतरी जलद चालते. घेऊन बघा. सुरुवातीला सावध स्वभाव ठेवा. काम संपलं की कंसात लॉगआउट लिहा. मांडलेला सगळा पसारा, उघड्या खिडक्यांसकट, ती डिस्कवर काढून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. ठेवते म्हटलंय मी.